डफाल्याची साक्ष कोण नोंदवणार?

२०२५ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात संभळच्या नेजा (म्हणजे भाला) जत्रेला पोलिसांनी परवानगी नाकारली. देश लुटायला आलेल्याच्या नावानं जत्रा भरू देणार नाही, असं तिथल्या पोलीस अधिकाऱ्यानं जत्रेच्या कमिटीला तोंडावर सांगितलं. दोन महिन्यांनी बहराइचच्या दर्ग्यावर जेठात भरणाऱ्या मोठ्या जत्रेचीही परवानगी गेली. तिथं कारण कायदा-सुव्यवस्थेचं दिलं गेलं. दोन्ही जत्रा एकाच नावाच्या. ग्रंथांत सय्यद सालार मसूद, लोकांच्या तोंडी गाझी मियाँ, आणखी लाडानं बाले मियाँ. आपल्याकडे त्याच दिवसांत खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून महाराष्ट्र तापला होता, त्यामुळे हा वाद इथेही झपाट्यानं पसरला. एक बाजू म्हणाली, गझनीच्या महमुदाचा भाचा, आक्रमक, विषय संपला. दुसरी म्हणाली, तिथं हिंदूही जातात, ही आपली गंगा-जमनी संस्कृती, विषय संपला. मी हा वाद बरेच दिवस ऐकला. दोन्हीकडची माणसं हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुण सरदाराबद्दल बोलत होती. नवसाचं पोर कडेवर घेऊन, हातात झेंडा घेऊन पायी निघणाऱ्या अहिर, कुर्मी, पासी, जुलाहा बायाबापड्यांबद्दल, आणि त्यांच्यापुढे डफ वाजवत गाझी मियाँचं गाणं म्हणणाऱ्या डफाल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या देशातल्या मुसलमानांचा इतिहास सुलतान-बादशहांच्या तवारिखांत फार थोडा सापडतो. तो मोठ्या प्रमाणात लोकांच्या बोलण्यात, गाण्यात, नवसांत, जत्रांत आहे, आणि त्यातला निम्मा हिंदूंच्या तोंडी आहे. तो गोळा करणं, तपासणं आणि त्याचा अर्थ लावणं हे इतिहासकाराचं पूर्णवेळ, आयुष्य द्यावं असं काम आहे. ते भावनिक काम नाही, सलोख्याचा सरकारी कार्यक्रम तर मुळीच नाही. ज्यांना ते बिनकामाचं वाटतं त्यांनी शाहिद अमीन यांच्या कामाकडे बघावं, कारण गाझी मियाँवर या काळातलं सर्वांत कसून केलेलं काम त्यांचं आहे, आणि या सगळ्या वादात त्यांचं नाव क्वचितच कुणी घेतलं.

अमीन दिल्ली विद्यापीठात अनेक वर्षं इतिहास शिकवत होते. तळातल्या लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या, ‘सबाल्टर्न स्टडीज’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या इतिहासकारांच्या गटात ते सुरुवातीपासून होते. त्यांची सुरुवात मात्र मुसलमानांपासून झाली नाही. ती झाली उसापासून. पूर्व उत्तर प्रदेशातल्या गोरखपूर भागात छोटा शेतकरी ऊस का लावतो, गुळाच्या व्यापाऱ्याकडून आधी उचल का घेतो, खंडाच्या हप्त्याची तारीख आणि पीक हातात येण्याची वेळ यांचा मेळ बसत नाही तेव्हा काय होतं, असे त्यांचे पहिले प्रश्न होते. ऊस, उचल आणि हप्ता या तीन शब्दांत केवढं राजकारण असतं हे मराठी वाचकाला समजावायला नको. मला ही सुरुवात महत्त्वाची वाटते. ज्यानं आधी शेतकऱ्याचं वर्षाचं गणित समजून घेतलं, तो पुढे त्याच शेतकऱ्याच्या पीराकडे गेला. म्हणून त्याला जत्रेत ‘एकात्मता’ नावाची वस्तू शोधावी लागली नाही. त्याला तिथं माणसं दिसली, त्यांच्या जाती दिसल्या, त्यांच्या गाई दिसल्या, त्यांची मूल न होण्याची धास्ती दिसली.

पुढचं काम गांधींच्या अफवांवरचं. ८ फेब्रुवारी १९२१ ला गांधी गोरखपुरात एक दिवस येऊन गेले. नंतरचे कित्येक महिने त्या जिल्ह्यात गोष्टी पसरत राहिल्या: विहिरीतून केवड्याचा वास येऊ लागला, बंद घरात कुराणाची प्रत सापडली, महात्म्याच्या नावाची भिक्षा नाकारली त्याचा गूळ जळून गेला. ‘स्वदेश’ नावाचं स्थानिक हिंदी पत्र या गोष्टी छापत होतं. तोवरच्या इतिहासकारांनी हा मजकूर अडाण्यांच्या भाबडेपणात जमा केला होता. अमीन यांनी त्या एकेक गोष्टीची छाननी केली आणि विचारलं की लोकांनी इथं गांधी म्हणून नेमकं काय ऐकलं? उत्तर असं निघालं की काँग्रेसचा गांधी वेगळा आणि गोरखपूरच्या खेड्यातला महात्मा वेगळा. त्या दुसऱ्या महात्म्याच्या नावानं लोक जे करत होते त्याला काँग्रेसची परवानगी नव्हती. वर्षभरात, ४ फेब्रुवारी १९२२ ला, त्याच जिल्ह्यात चौरीचौरा घडलं. पोलीस ठाणं जळालं, पोलीस मेले, गांधींनी आंदोलन थांबवलं. सत्र न्यायालयानं १७२ जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयात मदनमोहन मालवीयांनी त्यांची बाजू मांडली, आणि अखेर १९ जण १९२३ च्या जुलैत फासावर गेले.

कुठल्याही शालेय पुस्तकात चौरीचौरा एका ओळीत येतं, तेही गांधींच्या निर्णयाचं कारण म्हणून. अमीन त्या गावांत गेले, शिक्षा झालेल्यांच्या नातलगांकडे बसले आणि सगळं न्यायालयीन दप्तरही त्यांनी वाचलं. पुस्तक १९९५ मध्ये आलं. त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. तुरुंगात गेलेल्या एका पासी स्वयंसेवकाची म्हातारी बायको त्यांना सांगते की त्या दिवशीचे ‘ओटियार’ गेरू रंगाच्या कपड्यांत होते. ओटियार म्हणजे व्हॉलंटियर. शब्द गावच्या जिभेवर येऊन तसा झाला. आता काँग्रेसचे स्वयंसेवक गेरव्या कपड्यांत? खादीचं काय झालं? साधा अभ्यासक इथं म्हणाला असता की बाईंची आठवण चुकली, पुढे चला. अमीन तिथंच थांबले. तिच्या डोळ्यांसमोर हे लोक कोण होते, भिक्षा मागत फिरणाऱ्या साधूंशी त्यांचं नातं तिनं का जोडलं, याचा त्यांनी शोध घेतला. त्या एका रंगातून गावानं ही चळवळ कशी समजून घेतली होती ते दिसू लागलं. न्यायालयाच्या शेकडो पानांत ती गोष्ट नव्हती, कारण न्यायाधीशानं कपड्यांच्या रंगाचा अर्थ विचारलाच नव्हता.

इथून गाझी मियाँकडे जाणं ओघानंच आलं, पण त्याला वीस वर्षं लागली. ते पुस्तक २०१५ चं. डफाली हे मुसलमानांतले गरीब गाणारे. डफ हे त्यांचं पोट. त्यांच्या गाण्यातला गाझी मियाँ कोण आहे? ऐन लग्नाच्या तयारीत आहे, आणि तेवढ्यात नंद अहिराची बायको जासो रडत येते: राजानं गवळी मारले, गाई नेल्या. नवरदेव लग्न टाकून उठतो, गाईंसाठी लढायला जातो आणि तिथंच मरतो. रुदौलीची जोहरा बीबी, जी आंधळी होती आणि त्याच्या कृपेनं डोळस झाली, तिचं लग्न अपुरं राहतं. म्हणून दर जेठात त्याची वरात निघते. नंद आणि जासो या नावांत गोकुळातल्या नंद-यशोदेची सावली स्पष्ट आहे. आणि लग्न सोडून रणात जाणारा वीर म्हटल्यावर मराठी माणसाला ‘आधी लगीन कोंडाण्याचं’ आठवल्याशिवाय राहील का? गझनीहून आलेला म्हणून सांगितला जाणारा एक तुर्क सरदार अवधच्या गवळ्यांच्या तोंडी गाईंचा राखणदार झाला. हे कसं झालं, कुणी केलं, कधी केलं? इतिहासाला याहून मोठा प्रश्न कोणता हवा?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यातला पहिला बिनतोड आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. सालार मसूद नावाचा असा कुणी सेनानी अकराव्या शतकात बहराइचपर्यंत आला याचा समकालीन पुरावा नाही. महमुदाच्या आणि त्याच्या वारसांच्या काळाबद्दल लिहिणाऱ्या उत्बी, गर्देझी, बैहकी यांच्याकडे त्याचं नाव नाही. त्याचं सविस्तर चरित्र सतराव्या शतकात अब्दुर्रहमान चिश्ती यांच्या ‘मिरआत-ए-मसूदी’त येतं. घटना १०३४ च्या सुमाराची सांगायची आणि चरित्र सहाशे वर्षांनंतरचं, याला इतिहास म्हणता येत नाही. पण मग हाच दंडक दोन्ही बाजूंना लावूया. गाझी मियाँला मारणारा राजा सुहेलदेव आज मोठा राष्ट्रवीर झाला आहे. त्याच्या नावानं २०१६ मध्ये रेल्वेगाडी सुरू झाली, २०१८ मध्ये टपाल तिकीट निघालं, २०२१ मध्ये बहराइचजवळ चित्तौरा तळ्याकाठी स्मारकाची पायाभरणी झाली. या सुहेलदेवाचं नाव आपल्याला मुख्यतः कुठून कळतं? त्याच फारसी ग्रंथातून आणि त्याच डफाल्यांच्या गाण्यांतून. मारला गेलेला खोटा आणि मारणारा खरा, असं एकाच कागदातून कसं काढता येईल? ग्रंथ फेकायचा असेल तर दोघेही जातील. ठेवायचा असेल तर तो काय म्हणून ठेवतो आहोत हे सांगावं लागेल, आणि ते सांगण्यासाठीच अमीन यांच्यासारख्याची गरज लागते.

शिवाय सरदाराचा पुरावा नसला तरी त्याच्याकडे जाणाऱ्या गर्दीचा भरपूर आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता मुहम्मद तुघलकाबरोबर या कबरीवर गेला होता आणि तिथल्या गर्दीबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. १३७४ मध्ये फिरोजशाह तुघलक बहराइचला गेला. सिकंदर लोदीनं सालार मसूदच्या भाल्यांच्या मिरवणुकीवर बंदी घातली; म्हणजे नेजाची मिरवणूक बंद पाडणारे २०२५ चे अधिकारी पहिले नव्हेत. त्यांच्या पाचशे वर्षं आधी एका मुसलमान सुलतानानं ती इस्लामच्या विरुद्ध म्हणून बंद केली होती. १५६१ मध्ये तरुण अकबर वेष पालटून आग्र्याजवळ बहराइचला निघालेल्या लोकांच्या गर्दीत मिसळला, आणि कुणीतरी ओळखल्यावर डोळे फिरवून, तोंड वेडंवाकडं करून सटकला, असं अबुल फजल सांगतो. जवळजवळ सातशे वर्षं मौलवींना न जुमानता, सुलतानांना न जुमानता, विसाव्या शतकात हिंदू सुधारकांच्या पत्रकबाजीलाही न जुमानता जी गर्दी चालत राहिली, ती इतिहासाची घटना नाही तर काय आहे?

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो घेणारी सगळीच माणसं द्वेषानं बोलत नाहीत. ते म्हणतात, या असल्या अभ्यासांतून आक्रमणावर पांघरूण घातलं जातं. सोमनाथ १०२६ मध्ये लुटलं गेलं हे खरं आहे. देवळं फुटली हे खरं आहे. त्या जखमेवर डफाल्याचं गाणं बांधून ‘बघा, सगळे कसे मिळून राहत होते’ असं म्हणणं हा जखम झालेल्यांचा अपमान आहे. हा आक्षेप मला पटतो, आणि तो दुसऱ्या बाजूच्या अनेक भल्या माणसांना बरोबर लागू पडतो. ‘गंगा-जमनी’ हा शब्द उच्चारला की पुढचं सगळं सोडून द्यायची सवय आपल्या पुरोगाम्यांना लागली आहे. पण अमीन यांचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. आक्रमणाचा विषय टाळून मिश्र संस्कृतीबद्दल बोलता येणार नाही, असं ते ठामपणे मांडतात. गाझी मियाँच्या गाण्यात लढाई आहे, रक्त आहे, परका सरदार आहे, त्याचं मरण आहे. लोकांनी त्यातलं काही पुसलं नाही. त्यांनी प्रश्न वेगळा विचारला: आपल्यात येऊन मेलेल्या या परक्याचं आता काय करायचं? आणि त्याला आपल्या गाईंच्या, आपल्या लग्नांच्या, आपल्या बाळंतपणांच्या कामाला लावलं. जिंकणाऱ्याला जिंकले गेलेले आपल्या अटींवर कसं वळवून घेतात, याचा हा इतिहास आहे. त्यात हार विसरण्याचा भाग नाही. त्या हारलेल्या माणसांची अक्कल आणि ताकद जर आपल्याला दिसत नसेल, तर आपण आक्रमणाचा इतिहासही नीट वाचलेला नाही.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या धंद्यातल्यांचा आहे: तोंडी पुरावा बेभरवशाचा असतो. माणूस विसरतो, वाढवून सांगतो, ऐकलेलं पाहिलेलं म्हणून सांगतो. हेही खरं. ज्यानं एकदा तरी कुणा म्हाताऱ्या माणसासमोर वही घेऊन बसून बघितलं आहे त्याला हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. पण कागद कुठून येतो हेही बघा. चौरीचौराच्या खटल्याचा कणा होता माफीचा साक्षीदार मीर शिकारी याची जबानी. फाशी चुकवण्यासाठी बोलणाऱ्या माणसाचं तोंडी बोलणं, पोलिसांनी घडवलेलं, कारकुनानं लिहून घेतलेलं. त्याच्यावर शाई पडली म्हणून तो अस्सल कागद, आणि साठ-सत्तर वर्षांनी आपल्या ओसरीवर बसून निर्भयपणे बोलणारी म्हातारी मात्र बेभरवशाची? दोन्ही तपासायला हवेत, आणि दोन्हींना एकच कसोटी हवी: कोण बोलतंय, कुणासमोर, कशासाठी, आणि काय गाळतंय. अमीन यांनी जबानीला गाण्याइतकं संशयानं वाचलं आणि गाण्याला जबानीइतकं गंभीरपणे घेतलं. मला ही त्यांच्या कामातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

महाराष्ट्रात हा झगडा जुना आहे. १८९८ पासून राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ काढू लागले तेव्हा त्यांनी बखरींवर हत्यार उपसलं. अस्सल कागदाच्या चिटोऱ्यापुढे बखरींच्या गठ्ठ्याची किंमत नाही, हा त्यांचा पक्ष होता, आणि त्या काळी तो आवश्यकच होता. वाडे धुंडाळून, वाण्याच्या दुकानातून पुड्या बांधायला गेलेले कागद वाचवून त्यांनी जे केलं त्यावर आपण उभे आहोत. पण त्याच्या काही वर्षं आधी, १८९१ मध्ये, अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी शाहिरांच्या आणि गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे जमवून छापले होते. ते नसते तर अफजलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आज आपल्यापुढे कुठे असता? ‘आधी लगीन कोंडाण्याचं’ हे वाक्य समकालीन कागदातून आलेलं नाही, पोवाड्या-बखरींच्या परंपरेतून आलं आहे, आणि तरी तानाजी मराठी मनाला काय होता हे त्या वाक्याशिवाय सांगता येत नाही. पेशवाईच्या अखेरीला डफ वाजवून गाणारा सगनभाऊ धंद्यानं शिकलगार, धर्मानं मुसलमान. त्याच्या लावण्या-पोवाड्यांना आपण मराठी साहित्याच्या इतिहासात मानाचं पान देतो. मग शिकलगारांचा, मोमिनांचा, पिंजाऱ्यांचा, बागवानांचा, मुलाण्यांचा सामाजिक इतिहास म्हटल्यावर आपलं पान कोरं का राहतं?

कोरं म्हणताना काही नावं वगळायला हवीत. रा. चिं. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर लिहिलं, यू. म. पठाणांनी लिहिलं, सोलापूरच्या फकरुद्दीन बेन्नूरांनी भारतीय मुसलमानांच्या समाजरचनेवर मराठीत सातत्यानं मांडणी केली. रिचर्ड ईटन या अमेरिकी इतिहासकारानं १९७८ मध्ये विजापूरच्या सुफींवरच्या पुस्तकात दाखवलं की दखनीतली चक्कीनामा नावाची गाणी बायका दळताना म्हणत, आणि दर्ग्याची शिकवण मुल्लाच्या तोंडून जेवढी पोचली नसेल तेवढी जात्याच्या घरघरीतून घराघरांत पोचली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची ही सख्खी बहीण. गी पॉयट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी मराठी खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पण मराठी ओवी आणि दखनी चक्कीनामा समोरासमोर ठेवून, एकाच वाड्यात शेजारी दळणाऱ्या दोन बायांनी एकमेकींचं काय उचललं हे सांगणारा अभ्यास करायला माणसाची दहा वर्षं लागतील. ती दहा वर्षं आपण कुणाला देणार आहोत?

२०२५ मध्येच फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथाच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना बंदीचा ठराव केला. मढी ही भटक्यांची पंढरी. वैदू, गोपाळ, कैकाडी तिथं जमतात, त्यांच्या पंचायती तिथं बसत, गाढवांचा बाजार भरतो. जुन्या गॅझेटियरमध्ये तिथला देव कान्होबा म्हणून आणि शाह रमजान माहीसवार म्हणूनही नोंदलेला आहे. त्या ठरावाच्या वेळीही आपण तेच केलं. एकानं नाथ म्हटलं, दुसऱ्यानं पीर म्हटलं, आणि दोघांनी सात-बारा काढायची भाषा केली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं गाढव विकायला येणाऱ्या माणसाला, रेवड्या विकणाऱ्या बागवानाला विचारलं का कुणी, की बाबा, तू कुणाकडे येतोस आणि तुझा आजा काय म्हणून यायचा? मालकीचा दावा कोर्टात लागेल तसा लागो. लोक इतकी वर्षं दोन्ही नावं एका दमात का घेत होते, हा प्रश्न कोर्टाचा नाही.

चौथा आक्षेप माझ्या ओळखीचे, मुसलमान समाजात काम करणारे कार्यकर्ते घेतात, आणि तो ऐकताना मला उत्तर पटकन सुचत नाही. ते म्हणतात, सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. शिक्षण, नोकरी, वस्ती यांचं चित्र समोर आहे. अशा वेळी दर्गे आणि डफ यांचं कौतुक कशाला? आणि दर्ग्यावरची नवस-सायासाची रूढी जपून मुसलमानांचं भलं होणार आहे का? मी मानतो की कुठलीही रूढी केवळ जुनी म्हणून जपायची गरज नाही. पण रूढी जपणं आणि तिचा इतिहास लिहिणं या दोन गोष्टी आहेत. आणि मुसलमान हा एक एकसंध गठ्ठा आहे, सगळे नवाबांचे वंशज, ही समजूत जर मोडायची असेल तर ती मोडणार कशानं? डफाली कोण, पिंजारी कोण, कुणाची जमीन होती, कुणाच्या दारात कोण बसत नव्हतं, हे सांगूनच ना? मागासलेपणाचे आकडे सांगतात की माणूस आज कुठे उभा आहे. तो तिथं कसा पोचला हे त्याची आजी सांगते.

आणखी एक कुजबुज असते, उघड कुणी बोलत नाही: मुसलमान इतिहासकार मुसलमानांवर लिहिणार म्हणजे कल आलाच. राजवाडे, शेजवलकर, सरदेसाई यांनी मराठ्यांवर लिहिलं तेव्हा आपण त्यांचे पुरावे तपासले, त्यांच्याशी भांडलो, त्यांची जात तपासून पुस्तक मिटलं नाही. तीच वागणूक अमीन यांना मिळावी, एवढंच. ज्यानं आयुष्याची सुरुवात उसाच्या उचलीपासून केली, ज्यानं चौरीचौराच्या पासी-अहिरांसाठी वर्षं घातली, त्याच्या कामाला ‘आपल्या लोकांचा इतिहास’ म्हणून कोपऱ्यात ढकलणं हे ते न वाचल्याचं लक्षण आहे.

अमीन यांची मुख्य पुस्तकं तीन: उसावरचं १९८४ चं, चौरीचौरावरचं १९९५ चं आणि गाझी मियाँवरचं २०१५ चं. या तारखांकडे विद्यापीठांनी नीट बघावं. त्यासाठी फारसी हवी, बोलीभाषा हवी, दप्तरखान्यात धूळ खायची तयारी हवी, आणि सर्वांत अवघड म्हणजे जत्रेत दिवसभर काही न विचारता बसून राहण्याचा धीर हवा. आज आपल्या विद्यापीठांत बढतीसाठी दर वर्षी शोधनिबंधांचे गुण मोजले जातात. त्या हिशेबात असा अभ्यासक पाचव्या वर्षीच नापास ठरेल. जत्रा बंद होतात तेव्हा निषेधाची पत्रकं निघतात, ती निघावीत. पण जत्रा चालू असतानाची वीस वर्षं कुणी तिथं वही घेऊन बसलं नाही, तर बंदीनंतर वाद घालायला आपल्याकडे घोषणांशिवाय काही उरत नाही.

मराठवाड्यात तर वेळ हातातून निघूनच चालली आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत ‘पोलीस अ‍ॅक्शन’ नावाच्या कारवाईत भारतीय फौजांनी हैदराबाद संस्थान जिंकलं. रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार आम्ही मराठवाड्याच्या मुलांनी घरातच ऐकले. त्यांच्या आठवणी पुस्तकांत आल्या, भाषणांत आल्या, आणि त्या आल्याच पाहिजेत. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्याची चौकशी केंद्र सरकारनंच पंडित सुंदरलाल यांच्या समितीकडून करवली. मेलेल्यांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. सर्वसाधारण वाचकाला तो २०१३ च्या सुमाराला पाहता आला. सरकारी कागद पासष्ट वर्षं गप्प होता. त्या काळात तो इतिहास कुठे होता? चुलीपुढे होता.

आमच्या गल्लीत एक बांगड्या भरणारी चाची होती. गावात कुणाचं वय सांगायचं झालं की ती म्हणायची, “पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा हाय तो.” मी कॉलेजात असताना एकदा तिच्याकडे बसून विचारलं, तेव्हा तिनं तारीख सांगितली नाही. म्हणाली, “गणपती उठायच्या टायमाला. आम्मानं पीठ मळून ठेवलं होतं परातीत, तसंच राहिलं. पाटलीणबाईनं आम्हाला बळदात घातलं, वरून जवारीची पोती लावली. तीन दिसांनी घरी आलो तर पिठाला केस आले होते.” मग तिनं माझा हात बघितला आणि विषय बदलला. पुढे कितीतरी वर्षांनी मी जुनं पंचांग काढून पाहिलं: १९४८ ची अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरच्या आसपासच येते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं मला घटनेचा दिवस अचूक सांगितला होता, तिच्या पद्धतीनं, शेजाऱ्यांच्या सणावरून. पाटलीणबाई कोण, बळद कुठल्या वाड्यातलं, बाहेर कोण होतं, ती नंतर पाटलांच्या लेकींना बांगड्या भरायला कशी गेली आणि त्या वेळी दोघी काय बोलल्या, हे मी विचारायचं ठरवलं होतं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत विचारू म्हटलं. दिवाळीला गेलो तेव्हा तिच्या ओट्यावर कुलूप होतं. १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीला टेकलं आहे. माझ्या तालुक्यात अशी किती माणसं अजून बोलू शकतात याची यादी मी या महिन्यापासून करायला घेतली आहे. वहीत आजवर अकरा नावं आहेत, आणि त्यांतल्या दोघांना ऐकू येत नाही.